एकच मुक्काम

माझ्या आजीचं माहेर भोर, सासर वेल्हे. तिची अंतरं किलोमीटरमध्ये नव्हतीच. भोर म्हणजे बैलगाडीनं एक मुक्काम. तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडची संजीवनी माची म्हणजे न्याहारी करून निघालं की दिवस मावळायच्या आत.

मी न्यू जर्सीला निघाले तेव्हा तिनं विचारलं, "किती लांब हाय गं?"

"मुंबईहून नेवार्क साडेबारा हजार किलोमीटर, आजी."

"आन् येळ?"

"सोळा तास."

ती हसली. "म्हंजी एकच मुक्काम की!"

मलाही तसंच वाटायचं. पण ॲपवर दिसतो तो वेळ विमानतळ ते विमानतळ असतो, दार ते दार नसतो. दादाचा "आजीचं काही खरं नाही" असा फोन आला, तेव्हा मी पहिल्यांदा नीट हिशोब मांडला. विमानतळावर 3 तास आधी. हवेत 16. मुंबईत इमिग्रेशन आणि बॅगांचे 2. मग पुणे, नसरापूर, मार्गासनी करत वेल्हे, सुमारे 200 किलोमीटर, 5 तास. एकूण 26. तेही तिकीट लगेच मिळालं तर. मिळालं दुसऱ्या रात्रीचं.

समोरच्या स्क्रीनवर उरलेले किलोमीटर कमी होत होते. मुंबईत उतरून फोन चालू केला. मेसेज सहा तासांपूर्वीचा होता.

दादानं नंतर सांगितलं, शेवटी ती विचारत होती, "कुठवर आली?"

"निघालीय," तो म्हणाला.

"मग येतीय. एकच मुक्काम तर हाय."