वळसा

यामानाकांनी हा प्रश्नच निकालात काढला, असं माझे बरेच मित्र म्हणतात. क्योतोच्या शिन्या यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतल्या साध्या पेशी उलट्या पावली मागे नेल्या, जवळजवळ भ्रूणातल्या स्टेम सेलसारख्या करून दाखवल्या. मग अशा पेशींसाठी भ्रूण मोडायचा कशाला? काखेत कळसा नि गावाला वळसा!

म्हण इतकी चपखल बसते की तिचाच संशय येतो. म्हणीतली ही बाई कोण? भरलेला कळसा काखेत असताना कुणी विसरत नाही. तो कंबर वाकवतो, हिंदकळून लुगडं भिजवतो. म्हणजे तो रिकामाच असणार. तो काखेतच आहे हे तिला शेवटी सांगितलं कुणी? वाटेत भेटलेल्या कुणीतरी. ती घरात बसून राहिली असती तर सांगायला कोण येणार होतं? मला वाटतं, ही म्हण ओट्यावर बसलेल्यांनी रचली असावी. यामानाकांनी आधी 24 जनुकं निवडली, त्यांतली 4 पुरेशी ठरली. पण ती 24 सुचली भ्रूणपेशींवर तोवर झालेल्या कामामुळे, आणि नव्या पेशी जमल्या की नाही हे ताडून पाहायलाही भ्रूणपेशीच लागल्या. वळसा घातला म्हणून कळसा सापडला, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण याच यामानाकांनी एका मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहिला होता, आणि त्याच्यात नि आपल्या मुलींच्यात फारसं अंतर नाही असं त्यांच्या मनात आलं होतं. आता यांना ओट्यावर बसवायचं की वाटेवर?

भ्रूणांच्या बाबतीत इथवर चालेल, पुढे नाही, अशा रेघा ओढणाऱ्यांना मी पूर्वी हसायचो. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 9 ऑगस्ट 2001 ला ठरवलं की त्या रात्री नऊच्या आधी ज्या भ्रूणांपासून पेशी काढायला सुरुवात झाली, तेवढ्यांवरच्याच संशोधनाला सरकारी पैसा मिळेल. आपल्याकडे तेव्हा 10 तारखेचे सकाळचे साडेसहा वाजले होते; आणि या अटीत बसलेल्या पेशींच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात पेशीमालिका होत्या, बंगळुरूच्या एनसीबीएसच्या तीन. नऊच्या आधी मोडलेला भ्रूण चालतो, नंतरचा नाही, हे कसलं नीतिशास्त्र? जर्मनीने तर 1 जानेवारी 2002 ही रेघ ओढली आणि 2008 मध्ये ती पुढे सरकवून 1 मे 2007 वर आणली.

ब्रिटनमधल्या वॉर्नॉक समितीची रेघ त्यातल्या त्यात पटायची: भ्रूणांवर प्रयोग चौदा दिवसांपर्यंतच. त्या सुमारास भ्रूणावर आद्यरेषा उमटते. त्यानंतर एकाचे दोन जुळे सहसा होत नाहीत. गर्भोपनिषदातही पंधरवड्यात पिंड होतो असं वाचलं तेव्हा उगाचच छाती फुगली. मग त्याच उपनिषदात जीव सातव्या महिन्यात येतो असं दिसलं, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही. सोयीची ओळ तेवढी उचलायची, हा उद्योग बुश यांचे सल्लागारच करायचे असं नाही.

माझ्या भाचीचे तीन भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये आहेत. मुलगी झाली, शाळेत जाते, हे तिघं उरले. आपल्याकडच्या 2021 च्या कायद्याने ते जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. नंतर नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर संमती देऊन संशोधनाला द्यायचे. जावयाचं म्हणणं, देऊन टाकू, कुणाच्या तरी पार्किन्सनला उपयोगी पडतील. भाचीचा विज्ञानाला विरोध नाही, ती स्वतः फार्मसी शिकलेली आहे. भ्रूण म्हणजे बाळ, असंही ती म्हणत नाही. फॉर्म मात्र फ्रिजवरच्या डब्याखाली पडून आहे. मी एकदा विचारलं, अगं, हरकत नक्की कशाला आहे? ती म्हणाली, "मामा, हरकत असती तर सोपं होतं. लिहून दिली असती."

मग तिने भ्रूण ठेवण्याचं या वर्षीचं भाडं ऑनलाइन भरलं आणि मला चहा घेणार का विचारलं. कायद्याची दहा वर्षं संपायला अजून वेळ आहे. तोवर तिला काय सांगावं ते मला सुचेल असं पूर्वी वाटायचं.