ऐकू येतंय का?

वर्गात रोमान याकोब्सन यांचा संज्ञापनाचा आराखडा शिकवताना त्यातील सहा घटकांपैकी एका घटकावरून मी वर्षानुवर्षे घाईने पुढे सरकत आलो. वक्ता, श्रोता, संदेश, संदर्भ आणि संकेतव्यवस्था यांविषयी साहित्याच्या शिक्षकाला बोलण्यासारखे पुष्कळ असते. उरतो तो संपर्क. म्हणजे संदेश ज्या वाटेने जातो ती वाट. ती मोकळी आहे ना, याची खात्री करून घेण्यासाठी आपण 'हॅलो', 'ऐकताय ना?', 'हं, बोला' असे काहीबाही बोलत असतो. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याकोब्सन यांनी अशा बोलण्याला भाषेचे एक स्वतंत्र कार्य मानले आणि त्यासाठीची संज्ञा मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाकडून घेतली, एवढे सांगून मी काव्यात्म कार्याकडे वळत असे. या दुर्लक्षित घटकाने पुढे माझ्याच घरात माझी शिकवणी घेतली. ती हकिकत साहित्याची आहे की यंत्राची, हे वाचकांनी ठरवावे.

२०२० ची टाळेबंदी शिथिल झाल्यावर आई मिरजेचे घर बंद करून आमच्याकडे पुण्याला आली. बरोबर दोन ट्रंका होत्या. एकीत तिचे कपडे आणि दुसरीत वडिलांच्या कॅसेट. वडिलांनी हयातभर रेडिओसमोर बसून नाट्यसंगीत, कीर्तने, श्रुतिका असे जे जे आवडले ते मुद्रित करून ठेवले होते. कॅसेट दीडशेच्या आसपास, प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरात तारीख. त्या हिवाळ्यात मी त्या एकेक करून संगणकावर उतरवल्या. मग प्रश्न आला, आईला त्या सहज ऐकता याव्यात कशा? भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट सरकवणे तिला जमत नव्हते. दूरचित्रवाणीचा रिमोट मात्र तिच्या हातचा होता. म्हणून 'रास्पबेरी पाय ४' हा हाताच्या तळव्यावर मावणारा संगणक घेतला, त्यावर 'कोडी' ही मोफत मिळणारी प्रणाली बसवली, हार्डडिस्क जोडली आणि सगळे दूरचित्रवाणीखाली मांडले. उघडी पाटी बरी दिसेना, म्हणून फराळाच्या एका स्टीलच्या डब्याला भोके पाडून तिला त्यात बसवले. हा डबा या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

गाणी सुरू झाली आणि घरात आवाजाचे भांडण सुरू झाले. आई आवाज चाळीसवर नेई, दहावीला बसलेली माझी मुलगी तो पंधरावर आणी, आणि पंधरावर आल्यावर आई पडद्याकडे नुसती पाहत बसे. "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत," असे ती म्हणायची. मी ते वाक्य शंभरदा ऐकले आणि एकदाही समजून घेतले नाही. तिचे लक्ष नसते, असे आम्ही आपसांत ठरवून टाकले होते. जेवताना कोणी विनोद केला तर ती सर्वांच्या तोंडाकडे पाहून मग हसायची, यावरूनही आमचे तेच मत पक्के होत गेले.

कानाच्या डॉक्टरांनी वयोमानाचा बहिरेपणा असल्याचे सांगितले. श्रवणयंत्र तिने दोन दिवस वापरून परत डबीत ठेवले. कानात किडा बसल्यासारखे वाटते म्हणाली. तेव्हा मधला मार्ग म्हणून कानावर बसणारा ब्लूटूथ हेडफोन आणला. आवाज थेट तिच्या कानाशी जाईल आणि खोलीत शांतता राहील, असा हिशेब.

ब्लूटूथ या शब्दाचे मूळ साहित्याच्या अभ्यासकांना आवडेल असे आहे. १९९७ साली या तंत्राला तात्पुरते नाव हवे होते. इंटेलमधील अभियंते जिम कार्डाक यांनी तेव्हा फ्रान्स बेंग्टसन या स्वीडिश लेखकाच्या 'द लाँग शिप्स' या ऐतिहासिक कादंबरीतील गोष्टी गप्पांत ऐकल्या होत्या. तिच्यात दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड येतो, ज्याचे टोपणनाव 'निळ्या दाताचा'. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी ही लहरींची भाषा निरनिराळ्या उपकरणांना एकत्र आणील, ही त्यामागची कल्पना. तात्पुरते नाव कायमचे झाले, आणि त्या राजाच्या नावाची दोन रून आद्याक्षरे जोडून केलेले चिन्ह आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. आमच्या घरात मात्र हा राजा एकी घडवायला काही केल्या तयार होईना.

पहिला बिघाड असा की हेडफोन एकदा जोडला की त्या दिवसापुरता चाले आणि दुसऱ्या दिवशी यंत्राला त्याची ओळखच नसे. रोज सकाळी आईची हाक येई, "अरे, हे आज पुन्हा मुकं झालंय." बराच शोध घेतल्यावर कळले की यंत्राच्या लेखी तीन गोष्टी वेगळ्या आहेत. 'पेअर' म्हणजे ओळख होणे, 'कनेक्ट' म्हणजे प्रत्यक्ष जोडले जाणे, आणि या दोहोंच्या मध्ये 'ट्रस्ट', म्हणजे समोरच्याने आपणहून दार वाजवल्यास न विचारता उघडणे. मी पहिल्या दोन आज्ञा दिल्या होत्या, मधली राहिली होती. त्यामुळे आईने हेडफोन सुरू केला की तो दार वाजवी, यंत्र परवानगी विचारी, आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायला तिथे कोणीच नसे. एका ओळीची आज्ञा दिली आणि सकाळची हाक थांबली. थांबल्यावर ती चुकल्यासारखी वाटली, हेही कबूल केले पाहिजे.

दुसरा बिघाड अधिक खोल होता. हेडफोन आता जोडला जाई, आवाजही भरपूर येई, तरी आई म्हणे, "शब्द येत नाहीत." यंत्रात दोष नाही, कानातच आहे, असे समजावण्याच्या बेतात मी होतो. शेवटी एका रात्री ती झोपल्यावर मी तो हेडफोन स्वतःच्या कानावर चढवला आणि वडिलांच्या आवडत्या कीर्तनकारांची कॅसेट लावली. आवाज मोठा होता, पण जणू कोणी तोंडावर घोंगडी धरून बोलत होते. चढउतार कळत होते, बुवा आता चिडले, आता विनोद केला, हे कळत होते. पण काय म्हणाले ते कळत नव्हते. स्वर होते आणि व्यंजने नव्हती. 'सार' आणि 'फार' यांत फरक उरला नव्हता.

कारण असे निघाले. या हेडफोनला बोलण्यासाठी लहानसा माइकही होता, म्हणून यंत्राने त्याला संगीत ऐकण्याचे साधन न मानता दूरध्वनीचे साधन मानले होते. ब्लूटूथमध्ये अशा प्रत्येक कामासाठी वेगळी 'प्रोफाइल' असते. संगीताची प्रोफाइल ध्वनी एकाच दिशेने पण पुरेशा तपशिलासह पाठवते. दूरध्वनीच्या प्रोफाइलमध्ये दोन्ही दिशांनी बोलता येते, पण तिच्या जुन्या रूपात ध्वनीचे सेकंदाला फक्त ८००० नमुने घेतले जातात. त्यामुळे ४००० हर्ट्झच्या वरचे काहीच शिल्लक राहत नाही, आणि 'स'च्या घर्षणाचा मोठा भाग तर त्याच्याही वर असतो.

म्हातारपणी कानही नेमके हेच करतो. आधी वरच्या पट्टीतले, म्हणजे बारीक, फुसफुसते ध्वनी जातात. जाड, खालचे ध्वनी बरीच वर्षे टिकतात. म्हणून स्वर ऐकू येतात आणि शब्दाच्या कडा झिजून जातात. अशा माणसाशी ओरडून बोलल्याने स्वर तेवढे मोठे होतात, कडा परत येत नाहीत. 'आवाज येतो, शब्द येत नाहीत' हे आईचे वाक्य तक्रार नव्हते, ते अचूक वर्णन होते. आयुष्यभर ध्वनिविचार शिकवलेल्या माझ्यासारख्याला ते समजण्यासाठी एका बिघडलेल्या यंत्रातून तिच्या कानाने ऐकावे लागले. त्या रात्री मी प्रोफाइल लगेच बदलली नाही. कॅसेटची एक बाजू तशीच ऐकली. अर्ध्या तासात डोके दुखू लागले, आणि मग लक्ष उडाले. तिचे लक्ष नसते, असे आम्ही म्हणत होतो ते हेच असावे.

सकाळी प्रोफाइल बदलून हेडफोन तिला दिला. तिचे कान काही तरुण झाले नव्हते. पण कानात जे थोडे उरले होते, तेवढ्यालाही आम्ही उपाशी ठेवले होते, ते आता पोहोचू लागले. आईचे बालपण मिरजेत तंबोरे घडवणाऱ्यांच्या शेजारी गेलेले. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून नेमक्या जागी आणला की बंद आवाज एकदम उघडतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेले. दोन मिनिटे ऐकून ती म्हणाली, "आता जवारी लागली." तारेतले वरचे स्वरांश मोकळे करणे हेच जवारीचे काम. मी जे तांत्रिक परिभाषेत समजून घेतले, ते तिने एका शब्दात सांगितले.

तिसऱ्या बिघाडात त्या डब्याचा उल्लेख येतो. आवाज स्पष्ट झाला, पण मधूनच तुटू लागला. ऐन तानेत खंड पडे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत ते आपला संदेश पोहोचवते, म्हणजे एखादी वाहिनी गजबजलेली असली तरी पुढची मोकळी सापडावी. पण त्याच पट्ट्यात घरातील वायफाय असते, आणि वेगवान यूएसबी ३ जोडणीतून निसटणारा विद्युत गोंगाटही तिथेच येऊन पडतो. माझी हार्डडिस्क तशाच जोडणीवर होती. महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला हे सारे सांगितले, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "यंत्र ठेवलंय कशात?" डब्याचे वर्णन ऐकून तो म्हणाला, "सर, तुम्ही रेडिओला पोलादी कोठडीत टाकून बाहेरून गाणं म्हणायला सांगताय." पाटी डब्यातून काढून लाकडी खोक्यात ठेवली, हार्डडिस्क लांब तारेने दूर नेऊन जुन्या यूएसबी २ च्या खाचेत लावली आणि वायफायऐवजी केबल जोडली. तान अखंड झाली. डबा पुन्हा चकल्यांच्या सेवेत रुजू झाला.

या दोन महिन्यांत मी आईला दिवसातून कितीदा विचारले असेल, "ऐकू येतंय का?" ती हातानेच थांब म्हणायची, कान देऊन ऐकायची आणि मग तपशिलाने सांगायची. उजवीकडे कमी आहे, पेटी येते पण तबला लांब वाटतो, हा बुवा तुझ्या वडिलांना फार आवडायचा, त्या दिवशी घरात पाणी नव्हते. वडील गेल्यापासून आमचे एवढे बोलणे झाले नव्हते. त्याच काळात वर्गही पडद्यावरून चालत होते, आणि राज्यभरातील अध्यापक दर पाच मिनिटांनी हेच वाक्य काळ्या चौकोनांना विचारत होते. तिथे बहुधा उत्तर येत नसे. घरी येत होते.

यंत्र दुरुस्त झाले आणि घर शांत झाले. आई हेडफोन लावून एका कोपऱ्यात, आम्ही आपापल्या कामात. मला वाटले, जिंकलो. पंधरा दिवसांनी तिने हेडफोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नको हे. यात मी एकटीच असते."

मग शेवटचे काम हाती घेतले. हेडफोन आणि दूरचित्रवाणी, दोन्हींतून एकदम आवाज यावा, म्हणजे सर्वांना एकत्र बसता येईल. ध्वनिव्यवस्थेत दोन्ही वाटा एकत्र बांधता येतात, हे सापडले. एका रविवारी पु. ल. देशपांडे यांच्या एकपात्री प्रयोगाचे चित्रीकरण लावले. आम्ही हसलो. आई हसली, पण आमच्या मागून. तिने हेडफोन काढून सांगितले, "तुमचं हसून झाल्यावर मला हसू येतंय."

ब्लूटूथवर ध्वनी आधी आवळून लहान केला जातो, हवेतून पाठवला जातो, हेडफोनमध्ये साठवला जातो आणि मग उलगडला जातो. यात वेळ जातो. आमच्याकडे तो २२५ मिलिसेकंद निघाला, म्हणजे पाव सेकंदाहून किंचित कमी. हा उशीर पुसून टाकण्याची आज्ञा मी बरेच दिवस शोधत होतो, पण त्या हेडफोनपुरता तो टळणारा नव्हता. आईला लवकर ऐकवता येत नव्हते. आपल्याला मात्र उशिरा ऐकता येत होते. कोडीमध्ये चित्र आणि ध्वनी यांतील अंतर २५ मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी बदलता येते. नऊ पायऱ्या मोजून आधी चित्र मागे आणले, आणि मग दूरचित्रवाणीच्या आवाजालाही तेवढेच थांबवून धरले.

पुढच्या रविवारी तोच प्रयोग पुन्हा लावला. मी पडद्याकडे पाहतच नव्हतो. पुलं थांबले, आणि खोलीत एकच हसू उमटले. त्यात आईचे कोणते हे वेगळे काढता येईना. नात म्हणाली, "आजी, आज तू आमच्याबरोबर हसलीस." आईने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मी तिथेच होते गं. तुम्ही आज आलात."

यंदा वर्गात याकोब्सन शिकवताना 'संपर्क' या एका घटकावर मी पूर्ण तास घेतला. स्वर आणि व्यंजने, जवारी, फराळाचा डबा, सगळे सांगितले. तास संपता संपता शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे परीक्षेला आहे का?" मी नाही म्हणालो. तरी त्याने वही मिटली नाही.