आत्याचा मान

मुलाच्या नावाचा विषय निघाला की मी अजून चिडते आणि घरातले सगळे हसतात. मुलगा आता सदतिशीचा आहे. त्याची स्वतःची काहीच तक्रार नाही. तक्रार माझी आहे.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. साल 1988. पहिलं बाळंतपण माहेरी, बारसं माहेरी, खर्च वडिलांचा, हे वेगळं सांगायला नको. नाव आम्ही दोघांनी ठरवलं होतं, कौस्तुभ. दोघांनी म्हणजे मी ठरवलं आणि हे ‘बरंय’ म्हणाले.

सासूबाईंची अट एकच, अक्षर पत्रिकेतलं हवं. नक्षत्रं 27, प्रत्येकाचे चरण 4, अशी 108 अक्षरं असतात आणि ज्या चरणावर मूल जन्मतं त्याचं अक्षर त्याच्या वाट्याला येतं. आमचं बाळ हस्ताच्या तिसऱ्या चरणावर आलं. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. तिसरं ण! ‘ण’वरून नाव सुचवा म्हणून सासूबाईंनी गुरुजींना गाठलं. ते म्हणाले, रास कन्या आहे, ‘प’वरून ठेवा की. पण अशी पळवाट त्यांना पटेना. ‘ण नाही ना, मग ठेवा काय ठेवायचं ते,’ म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. मी मनात म्हटलं, सुटले.

धाकट्या भावानं रात्र जागून थर्माकोलमधून अक्षरं कापली. ‘कौ’ची मात्रा ब्लेडखाली तुटली, ती त्यानं पुन्हा केली. सोनेरी टिकल्या चिकटवल्या. ती पाटी पाळण्यामागे भिंतीला लावून वर आईची जुनी साडी सोडली होती. नाव जाहीर झालं की साडी ओढायची, असा बेत.

कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे आमच्या वन्संचा. सकाळीच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘कौस्तुभ, बरं का.’ त्यांनी म्हणून दाखवलं, ‘कौस्तुब.’ मी म्हटलं, ‘वन्सं, भ. भटजीचा भ.’ त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, नीट. आईचं आजही म्हणणं आहे की तिथंच बिनसलं, नणंदेला कुणी असं फळ्यापुढे उभं करतं का? पण मी काही छडी घेतली नव्हती. मुलाचं नाव नीट उच्चारा एवढंच म्हणाले, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

संध्याकाळी बायका जमल्या. वरवंट्याला कुंची घालून, गोविंद म्हणत, गोपाळ म्हणत तो पाळण्याच्या खालून-वरून फिरला. पाळणा म्हणून झाला. वन्सं वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र झालं. रीतीप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. त्या सरळ झाल्या, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘अमोल!’

भावाचं सगळं लक्ष साडीकडे. त्यानं त्याच क्षणी ती ओढली.

बायका ‘अमोल, अमोल’ म्हणून टाळ्या वाजवतायत आणि मागे भिंतीवर कौस्तुभ चमकतोय. टाळ्या हळूहळू विरल्या. एका मावशीनं मला विचारलं, ‘अगं, दोन नावं ठेवली का?’ मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दाराशी उभे होते, हातात पेढ्यांचा खोका. मला वाटलं, आता म्हणतील, ताई, चुकून बोललीस गं. त्यांनी खोका शेजाऱ्यांपुढे केला. सासरे म्हणाले, ‘कानात गेलं ते गेलं. परत काढता येत नाही.’ आई माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, ‘पाहुण्यांसमोर नको.’ मावशीनं तोडगा काढला, कागदावर अमोल, घरात कौस्तुभ. पाळण्यातलं नाव एक आणि व्यवहारातलं दुसरं अशी माणसं पुष्कळ असतात, पण निदान ती नावं ठरवून ठेवलेली असतात! भाऊ पाटी काढायला गेला तर वडील म्हणाले, ‘राहू दे रे, छान झालीय.’ म्हणून ती रात्रभर तिथंच राहिली आणि माणसं घुगऱ्या खात तिच्याखाली बसली.

वन्सं एवढंच म्हणाल्या, ‘ऐन वेळी तेच तोंडात आलं.’ पुढे कितीतरी वर्षांनी सहज बोलता बोलता कळलं, 1979 साली ‘गोलमाल’ पाहिल्यापासून त्यांना अमोल पालेकर फार आवडायचा. भाच्याचं नाव अमोलच ठेवायचं हे त्यांनी लग्नाआधीच ठरवलं होतं म्हणे. म्हणजे ऐन वेळी वगैरे काही नाही.

ह्यांनी नगरपालिकेत जाऊन अमोल लिहून दिलं. जन्माची खबर 21 दिवसांत द्यावी लागते, नाव नंतरही घालता येतं, वर्षभर तर विलंबशुल्कही नाही, हे मला फार उशिरा समजलं. पण तेव्हा समजलं असतं तरी काय? मी ओली बाळंतीण. अर्ज घेऊन जाणार होते हेच.

शाळेत तर कहरच. अमोलच्या वर्गात आणखी तीन अमोल निघाले. हजेरीत आडनावाची आद्याक्षरं लावून वेगळे करायचे आणि मैदानावर सगळेच अम्या. वन्सं तेव्हा म्हणायच्या, कौस्तुभचंही कौश्या झालंच असतं. झालं असतं, कबूल. आयुष्यभर मुलांच्या हाका ऐकल्यात मी. पोरं कुठल्याही नावाला ‘या’ जोडून त्याचा निकाल लावतात. म्हणून नव्या आयांना मी सांगते, अर्थाची वही जरा बाजूला ठेवा आणि नाव अंगणातून जोरात ओरडून बघा.

आणि खरं सांगायचं तर आपलं मूल नवसाचं, म्हणून नावावरून असं भांडता येतं. माझ्या हजेरीत नकुशा होती. मुलगाच हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेलं नाव. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू ठेवायचे, ती गोष्ट वेगळी. त्यात माया होती. हिला रोज हजेरी घेताना मी तिच्या नावानं हाक मारायची आणि तिनं ‘हजर’ म्हणायचं. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, चांगलंच झालं. पण आमच्या गावात कितीतरी दिवस हाक जुनीच ऐकू यायची. शेवटी मी बाकी मुलांना तंबी दिली.

आता अमोलला मुलगी झाली. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि मला विचारलंही नव्हतं. सूनबाईनं नावही बदललं नाही आणि आडनावही. नातीच्या दाखल्यावर तिच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांसाठी सरकारनं तसाच नियम केलाय. मला फार बरं वाटलं. चला, आईला विचारायचे दिवस आले.

पण आजीला? नावांची यादी दोघांच्या मोबाईलवर. मी ‘शाल्मली’ सुचवलं. सूनबाई गोड हसून म्हणाली, ‘छान आहे आई, लिस्टमध्ये टाकते.’ पुढे काही नाही. ठरलं ‘इरा’. का, तर छोटं आहे आणि इंग्रजीत लिहिताना घोळ होत नाही. मी म्हटलं, वर्गात चार इरा असतील. अमोल म्हणाला, ‘असू दे, मला सवय आहे.’ जन्म देणारीनं नाव ठेवावं असं मी इतकी वर्षं म्हणत आले आणि तिनं ठेवलं तर चार दिवस माझा घुस्सा गेला नाही.

अर्ज बारशाच्या आधीच भरून झाला होता. हे मात्र मी सगळ्यांना सांगेन, आधी अर्ज, मग पाळणा. आत्या म्हणजे माझी लेक. ती वाकली, इरा म्हणाली, उठली. कुणी दचकलं नाही. खोटं कशाला बोलू, बारसं जरा अळणीच वाटलं.

वन्सं आल्या होत्या. गुडघे दुखतात, खुर्चीवर बसून होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, ‘हे गं काय नाव? हाक मारायला तोंड उघडावं तोवर संपतं.’

‘नाहीतर काय!’ मी म्हटलं. आम्ही दोघी मनापासून हसलो.

‘आमच्या अमोलचं बघ,’ त्या म्हणाल्या, ‘कसं भरल्यासारखं वाटतं.’

‘कौस्तुभ त्याहून भरलेलं होतं, वन्सं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘कोण कौस्तुभ?’

आणि त्या नाटक करत नव्हत्या.