दोन समुद्रांचा डोंगर

बुलढाणा डोंगरमाथ्यावर वसलेलं आहे. अजिंठ्याच्या रांगेतला हा माथा. दक्षिणेला पठार, उत्तरेला झपकन खाली उतरणारा राजूर घाट आणि त्याच्या पायथ्यापलीकडे पसरलेलं पूर्णेचं काळंभोर खोरं. मृगाचा पाऊस इथे पडतो तेव्हा त्याची वाटणी होते. दक्षिणेकडे कललेलं पाणी पैनगंगेचं. तिचा उगमच इथला, मढजवळचा. येळगावच्या धरणात थांबून ती आमच्या शहराची तहान भागवते, मग मेहकरवरून पुढे वर्धेला, प्राणहितेला, गोदावरीला मिळत बंगालच्या उपसागरात जाते. उत्तरेकडे कललेलं पाणी ओहोळांनी घाट उतरून नळगंगेला मिळतं, तिथून पूर्णेत, चांगदेवला तापीत, आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्रात. एकाच ढगाचं पाणी, चार हातांच्या अंतरावर पडलेलं, आणि शेवटी मध्ये सगळा देश.

समुद्र इथून कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांनी तो जन्मात पाहिलेला नाही. तरी त्याच्याकडे जाणाऱ्या दोन वाटा आमच्या गल्लीच्या उतारावरूनच सुरू होतात, आणि त्या वाटांनी पाण्याबरोबर प्लास्टिकची पन्नीही निघते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मी नाल्याच्या काठाने जातो. पूर ओसरला की पाणी कुठवर चढलं होतं ते बाभळी सांगतात. तेवढ्या उंचीपर्यंत त्यांच्या काट्यांना पन्न्या लटकलेल्या असतात, काळ्या, पांढऱ्या, निळ्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या. खाली गाळात दुधाची पिशवी रुतलेली असते. कोपरा कापलेला, आत चिखल भरलेला, छपाईची शाई उडालेली. दोन-तीन उन्हाळे काढलेली पिशवी हातात घेतली की जुन्या पापडासारखी मोडते. ती सरत नाही, फक्त बारीक होते. पाच मिलिमीटरहून लहान तुकडे झाले की शास्त्रज्ञ त्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात आणि आणखी बारीक झाले की ते कुणाच्याही चिमटीत येत नाहीत. शेजारी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट, फवारणीच्या औषधाचा डबा, ठिबकची फाटकी नळी. पोळा होऊन गेला की आणखी एक गोष्ट सापडते, बैलाच्या गळ्यातली प्लास्टिकच्या झेंडूची माळ. वर्षभर राबणाऱ्या जनावराला एक दिवस सजवायचं, ओवाळायचं, पुरणपोळी भरवायची, इतकं मायेचं काम. आणि त्याची माळ मात्र अशी, की बैल थकून गेला तरी तिचा केशरी रंग चिखलात तसाच. मला ती माळ पाहवत नाही.

इथली प्रत्येक पन्नी समुद्रात पोचते असं नाही. नळगंगेचं धरण आहे, तापीवर हतनूर आहे, उकाई आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे 80 टक्के वाटा हजाराहून जास्त नद्यांचा निघाला, आणि त्यांत किनाऱ्याजवळच्या शहरांमधून वाहणाऱ्या लहान नद्याही पुष्कळ निघाल्या. आतल्या मुलखातलं बरंचसं वाटेतच अडकतं. हे ऐकून हायसं वाटावं का? अडकतं म्हणजे आमच्या शेतात, धरणाच्या गाळात, गाईच्या पोटात. आणि पुढचा पूर त्यातलं थोडं आणखी पुढे ढकलतो.

समुद्र कसा असतो ते कळायला आमच्या जिल्ह्यात लोणार आहे. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेलं सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर. धारेच्या झऱ्याचं पाणी आत येतं, चहूबाजूंच्या कड्यांवरून पावसाचं पाणी आत येतं, पण बाहेर जायला एकही वाट नाही. ऊन तेवढं पाणी उचलून नेतं. पाण्याबरोबर आलेलं बाकी सगळं तिथेच राहतं. म्हणून ते सरोवर खारं. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी ते रामसर यादीतलं पाणथळ स्थळही झालं. कमळजादेवीच्या देवळाकडे उतरताना कुणी टाकलेली पाण्याची बाटली घरंगळत खाली गेली, की कुणी उचलल्याशिवाय ती त्या विवरातून बाहेर पडणार नाही. समुद्राचंही असंच आहे. त्यालाही वाहून जायला पुढे जागा नाही. लोणारच्या कड्यावरून पैलतीर दिसतो म्हणून ही गोष्ट चटकन पटते. समुद्राचा पैलतीर दिसत नाही.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलाने ऑक्टोबर 2015 मध्ये कचरा उचलायला सुरुवात केली. माणसं जोडली गेली, कित्येक आठवडे, कित्येक महिने. मार्च 2018 मध्ये त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. हे वाचलं त्या दिवशी मला खरोखर भरून आलं होतं. तरी भरतीचं पाणी नवा कचरा आणतच राहिलं. प्रशांत महासागरात जाळं ओढणाऱ्या बोयान स्लाट यांच्या संस्थेनेही पुढे नद्यांमध्येच कचरा अडवायची यंत्रं बसवली. म्हणजे समुद्र साफ करायला निघालेली माणसं हळूहळू प्रवाहाच्या उलट दिशेने, आमच्याकडे सरकत आहेत. त्याच दिशेने आणखी वर चढत गेलं की शेवटी असेच माथे लागतात.

माथ्यावर काय करता येईल? शेगावला जाऊन पाहावं. गजानन महाराजांच्या दर्शनाला केवढी गर्दी लोटते, पण मंदिराच्या आवारात कागदाचा कपटा दिसत नाही, कारण सेवेकरी ते काम सेवा म्हणून करतात. गावाच्या नाल्यावर मात्र सेवेकरी नसतात. तिथे मला भेटली ती भंगार वेचणारी बाई. पोत्यात बाटल्या भरत होती, पन्न्या तशाच सोडत होती. विचारलं तर म्हणाली, "बाटलीले भाव हाये भाऊ, पन्नीले कोन पुसते?"

सगळी अडचण तिने एका वाक्यात सांगितली. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, 2022 पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तूंवर देशभर बंदी आहे; 2016 च्या नियमांनी वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारीही उत्पादकांवर टाकली आहे. मदुराईचे प्राध्यापक वासुदेवन यांनी हीच पातळ पन्नी तापलेल्या खडीवर वितळवून डांबरी रस्त्यात वापरून दाखवली. म्हणजे कायदा आहे, वाटही आहे. फक्त नाल्यातल्या पन्नीला त्या बाईच्या पोत्यात जागा नाही. ती वजनाला हलकी, चिखलाने माखलेली. दिवसभर वाकून वेचली तर चहापुरतेही पैसे सुटायचे नाहीत. बियाण्याचं पाकीट विकणाऱ्याने, दुधाची पिशवी भरणाऱ्याने त्या वेचण्याचा मोबदला किलोमागे रोख द्यावा, मृग लागायच्या आधी द्यावा आणि या माथ्यावर द्यावा. एकदा घाट उतरलेली पन्नी शोधायला मग हतनूरपर्यंत, सुरतेपर्यंत जावं लागतं.