जर-तरचं गणित

‘डिस्क्रीट मॅथ्स’ हे नाव काढलं की आमच्या हॉस्टेलमध्ये दोन पंथ पडतात. पहिला म्हणतो, “कोडिंग येतं ना? मग कशाला हवा हा विषय!” दुसरा म्हणतो, “शेवटच्या रात्री प्रश्नसंच वाच, निघतो.” हा लेख दोन्ही पंथांसाठी आहे. लिहिणारी पोरगी केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जरा सांभाळून घ्या!

या विषयाचं इंग्रजी वाचताना मला कुठे अडलं नाही. अडलं ते अर्थापाशी. पहिल्याच धड्यात ‘जर प, तर फ’ असं विधान येतं. त्याच्या तक्त्यात लिहिलेलं असतं की प खोटं असेल तर अख्खं विधान खरं. पाठ झालं, पण पटेना. खोट्यातून खरं कसं निघेल?

माझी रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेतली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. ती म्हणाली, “अगं, त्यात काय एवढं? मी तुला म्हटलं, पेपर सोपा आला तर वडापाव माझ्याकडून. पेपर निघाला अवघड. आता मी वडापाव दिला काय न् नाही दिला काय, तू मला खोटारडी म्हणू शकतेस का?” नाही म्हणू शकत. ती खोटारडी कधी ठरेल? पेपर सोपा येऊनही वडापाव मिळाला नाही तरच. चार ओळींच्या तक्त्यात ‘खोटं’ एकदाच का येतं, ते एका वडापावात कळलं!

मग आम्हाला तो नादच लागला. मेसमधले काका विचारतात, “चहा की कॉफी?” तेव्हा दोन्ही मिळणार नसतं. पण ‘आधार कार्ड किंवा पासपोर्ट आणा’ म्हटलं आणि आपण दोन्ही नेलं, तर कुणी परत पाठवत नाही. तर्कशास्त्रातलं ‘किंवा’ हे या दुसऱ्या जातीचं, म्हणजे निदान एक तरी. आणि ‘पोहे आणि चहा दोन्ही मिळाले असं झालं नाही’ याचा अर्थ उपाशी राहिलो असा नव्हे. पोहे नाहीतर चहा, काहीतरी एक नक्की हुकलं, एवढाच. पुस्तकात हा डी मॉर्गनचा नियम. प्रोग्रॅममध्ये ‘इफ’च्या कंसात ‘नाही’ आत घेताना ‘आणि’चं ‘किंवा’ करावं लागतं ते यामुळेच.

संचाचंही तसंच. युनियन, इंटरसेक्शन मला तोंडपाठ होतं, पण तिच्या शाळेच्या पुस्तकातले शब्द ऐकले आणि मजा वाटली. संयोग, छेद, रिक्त संच, विश्वसंच! तिच्या मोबाईलमध्ये आवडीची ८ गाणी, माझ्यात १०, त्यातली ३ सारखी. म्हणजे संयोगात १५. छेदाला संयोगाने भागलं की ३ भागिले १५, म्हणजे ०.२. दोन माणसांची आवड किती जुळते हे मोजायचं हे एक माप झालं, आणि डेटा सायन्समध्ये ते आजही वापरतात. ते पॉल जकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. आल्प्समधल्या दोन जागांवरच्या वनस्पती किती सारख्या, हे त्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजायचं होतं. झाडांसाठी काढलेलं माप आज गाण्यांना चालतं, कारण दोन्हीकडे संचच आहेत.

आता ‘कोडिंग येतं ना’वाल्यांसाठी. मिनी प्रोजेक्टमध्ये आमच्या तक्त्यात २० रकाने होते. मॉडेलला त्यातले कुठले द्यायचे? ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं पडलं, “सगळ्या जोड्या करून बघू, कॉम्प्युटर कशाला आहे!” प्रत्येक रकाना एकतर आत, नाहीतर बाहेर. म्हणजे २ चा २० वा घात, १०,४८,५७६ प्रकार. एका प्रकाराला एक सेकंद धरला तरी १२ दिवस. ३० रकाने असते तर ३४ वर्षं, आणि इंजिनिअरिंग तर चारच वर्षांचं! हा हिशेब कोडिंगमध्ये कुणी शिकवत नाही, मोजायला शिकल्यावर कळतो.

ही मोजणी काही परकी नाही बरं का. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली, तिच्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. त्यात विचारलंय की शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू अदलून-बदलून दिल्या तर रूपं किती? उत्तर ३६,२८,८००. आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म? २४. केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं घरोघरी म्हटली जातात. मूर्तिशास्त्रात ती चोवीस रूपं ओळखतात ती चार हातांतल्या याच क्रमावरून. याच भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तसा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे.

ग्राफ थिअरी तर आपण सगळे लहानपणीच खेळलोय. पेन्सिल न उचलता, तीच रेघ पुन्हा न गिरवता चौकोन आणि त्याचे दोन्ही कर्ण काढून बघा. जमणार नाही. त्याच चौकोनावर त्रिकोणी छप्पर चढवा. आता जमतं, पण सुरुवात खालच्या कोपऱ्यातून केली तरच! कारण असं, की मधल्या बिंदूत जेवढ्या वेळा शिरू तेवढ्याच वेळा बाहेर पडायचं असतं, म्हणून तिथे रेघा सम हव्यात. विषम रेघांचे बिंदू असलेच तर दोनच चालतात, एक निघायला आणि एक पोचायला. नुसत्या चौकोनात ते चार आहेत, छपराने दोन सम केले. ऑयलरने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं याच विचाराने सोडवलं. तिथे जमिनीचे चार तुकडे होते आणि चारही विषम, म्हणजे सगळे पूल एकेकदाच ओलांडणारी फेरी अशक्य.

परीक्षेचं वेळापत्रकही ग्राफच असतं. प्रत्येक विषय एक बिंदू. एक जरी विद्यार्थी दोन विषयांना बसणार असेल तर त्या बिंदूंमध्ये रेघ. प्रत्येक वेळेला एक रंग, आणि रेघेने जोडलेल्या बिंदूंना एक रंग द्यायचा नाही. नुसते रेग्युलर विद्यार्थी असते तर सेकंड इयर आणि थर्ड इयरमध्ये एकही रेघ नसती. त्या रेघा काढतो आपण केटीवाले!

त्यातली एक रेघ माझी रूममेट आहे. तिची केटी कशात आहे, सांगू? याच विषयात. जिने मला जर-तर शिकवलं तिचीच. पेपरमध्ये ‘सिद्ध करा’ म्हटलं की तिला सिद्धता दिसते, पण इंग्रजीत तीन ओळींच्या पुढे लिहिता येत नाही. आणि मी, अर्थ अर्धवट कळलेला असतानाही, पानभर छान लिहून सुटले. याला हुशारी म्हणायचं का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. यंदा नाही सुटली तर तिचं वर्ष जाईल. तिच्या घरी वर्ष जाणं म्हणजे नुसतं वर्ष जाणं नसतं, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून यंदा आम्ही रोज रात्री जेवणानंतर एक तास ठरवून टाकला. ती मला मराठीत समजावते, मी ते इंग्रजीत लिहायला शिकवते. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘याउलट’ एवढ्या पाच-सहा शब्दांवर बहुतेक सिद्धता उभ्या राहतात, हे आम्हाला दोघींना तेव्हाच कळलं. २०२१-२२ पासून काही कॉलेजांत इंजिनिअरिंग मराठीतून शिकता येतं. आमच्याकडे ते येईल तेव्हा येईल, तोवर एका खोलीत दोन भाषा आहेत, हे काय कमी आहे?

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा तिचा निकाल लागला असेल की नाही, माहीत नाही. ज्युनिअर्सना मात्र एवढंच सांगते. प्रश्नसंच आणण्याआधी शेजारच्या खोलीत कोण मराठी माध्यमाची आहे ते विचारा, आणि तुम्ही मराठी माध्यमाच्या असाल तर इंग्रजीवालीला बिनधास्त हाक मारा. जर दोघी बसल्या, तर दोघींचं भलं. आणि वडापावाचं म्हणाल, तर यंदा पेपर सोपा आला तर माझ्याकडून!