झाकण लावण्याआधी

काटेवाडीपासून इंदापूरपर्यंत शाळूची काढणी फेब्रुवारी-मार्चात होते आणि पेर उत्तरा-हस्तात. म्हणजे मालदांडीचं बियाणं सहा-सात महिने घरात राहतं. त्यात आधी मेची काहिली, मग पावसाळा. पुढं उगवण कमी झाली की दोष कोठीला, पोत्याला नाहीतर किडीला दिला जातो. माझ्या मते बियाण्याचं बरंवाईट बहुतेक वेळा झाकण लावण्याआधीच ठरलेलं असतं, त्याच्यातल्या ओलाव्यावर. दाणा मेला तरी त्याची भाकरी होते. पेरायच्या दाण्यातला कोंब मात्र जिवंत लागतो. हा कोंब श्वास घेत असतो. ओल जास्त तितका त्याचा श्वास जोरात, मग बियाण्यात ऊब धरते आणि बुरशीला, किडीला फावतं. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा असा, की ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो १ टक्क्याने उतरवला तर बियाण्याचं आयुष्य दुपटीने वाढतं. प्रमाणित ज्वारीसाठीही साध्या पिशवीत १२ टक्के आणि हवाबंद डब्यात ८ टक्के अशी ओलाव्याची कमाल मर्यादा आहे. हवाबंद डब्याला मर्यादा जास्त कडक, कारण आतली ओल आतच कोंडते. अर्धवट वाळलेल्या बियाण्याला घट्ट झाकणाचा डबा पोत्यापेक्षाही वाईट.

आपल्याकडे पाऊसच कमी, मग ओल कुठली, असं कोणी म्हणेल. पाऊस कमी हे खरं. पण काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, त्या सुमाराला हवा दमट झालेली असते, आणि नीरा डाव्या कालव्यावर घराला लागूनच उसाचे फड. उन्हाळ्यात खडखडीत वाळलेलं बी उघड्या पोत्यात ही ओल ओढून घेतं. म्हणून वाळवणं आणि बंद करणं ही दोन्ही कामं हवीत, आणि याच क्रमाने. वाळवताना घाई नको. मेच्या दुपारी सिमेंटच्या खळ्यावर किंवा पत्र्यावर बी टाकलं तर कोंबच भाजतो. गोणपाटावर पातळ थर द्यावा, सकाळचं आणि चारनंतरचं ऊन दाखवावं, वरचेवर हात फिरवावा.

राख, कडुनिंबाचा पाला, कडधान्याला एरंडेलाचा हात, हे सारं उपयोगाचं आहे. तुरीत, चवळीत भुंगेरा शेतात असतानाच शेंगेवर अंडी घालतो. घरात राख दाण्यांमधल्या फटी भरून त्याची हालचाल रोखते. मात्र ओल्या बियाण्याला यातलं काहीच वाचवत नाही. राहिला प्रश्न दुकानातून बी आणण्याचा. संकरित वाणाला ते दरवर्षी आणावंच लागतं, घरी धरलेलं बी मूळ गुणाचं निघत नाही. मालदांडीसारख्या सरळ वाणाचं तसं नाही. असं बी राखण्याचा, वाटण्याचा, ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे; तो वापरायचा तर बी जगवता यायला हवं.

तेव्हा कोठी बंद करण्याआधी कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर बी आणि कोरडं मीठ घालून हलवा. थोड्या वेळाने मीठ काचेला चिकटलेलं दिसलं तर ओलावा १५ टक्क्यांपुढे आहे, बी परत उन्हात जाऊ द्या. नाही चिकटलं तरी दाणा दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवा. आणि पेरणीच्या महिनाभर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठ-दहा दिवसांत ७५पेक्षा कमी उगवले, तर दुसरं बी शोधायला तुमच्या हाती अजून वेळ असेल.