नाव बुडण्याआधीचा गुन्हा

इंदूरला समुद्र नाही, पण नावेत बसायची हौस दांडगी. पाहुणे आले की महेश्वर ठरलेलंच. घाट, अहिल्यादेवींचा वाडा, साड्यांची खरेदी आणि मग नर्मदेच्या पात्रातल्या बाणेश्वरापर्यंत नावेतून फेरी. तेवढा वेळ नसेल तर पिपल्यापाल्याचं रीजनल पार्क गावातच आहे. अपघाताचे दावे लढवणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे नावेत पाय ठेवण्याआधी मी माणसं मोजतो. घरचे वैतागतात.

पाण्यावर कायदा नसतो, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. खरं तर तो 1860 पासून आहे. भारतीय दंड संहितेचं कलम 282 आता, 1 जुलै 2024 पासून, भारतीय न्याय संहितेचं कलम 284 झालंय. भाडं घेऊन एखाद्याला जीव धोक्यात येईल इतक्या भरलेल्या किंवा मोडकळीला आलेल्या नावेतून जाणूनबुजून वा निष्काळजीपणे नेलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाडं न घेता बेफाम नाव चालवली, तर याच नव्या संहितेचं 282 आहेच.

शिक्षा किरकोळ वाटेल, पण कलमाची ताकद दुसरीकडे आहे. एक तर नेणाऱ्याइतकाच न्यायला लावणाराही त्यात सापडतो. म्हणजे वल्ही मारणाऱ्या पोराला पुढे करून ठेकेदाराला घरी बसता येत नाही. दुसरं म्हणजे, या गुन्ह्यासाठी कुणी बुडावं लागत नाही. जादा भरलेली नाव काठावरून सुटली की गुन्हा पूर्ण झाला.

आपल्याकडे मात्र हे कलम आठवतं ते प्रेतं मोजून झाल्यावर. 7 मे 2023 रोजी केरळात तानूरला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन अंधार पडल्यावर निघालेली बोट उलटली, 22 जण गेले. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तिथेही बोट जादा भरलेली होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. दोन्हीकडे थांबवायची वेळ होती ती काठावरच.

परवान्याची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे. 1917 चा जुना कायदा फक्त यांत्रिक बोटींपुरता होता. त्याच्या जागी आलेल्या 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने अशा बोटींना नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाचं प्रमाणपत्र लावलं. वल्ह्यांच्या नावांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे, पण तपशील राज्य सरकार आणि स्थानिक संस्थांवर सोपवलाय. म्हणून तलावावर खरा कायदा असतो तो ठेक्याचा कागद. असे कागद माझ्याकडे येतात. रक्कम, हप्ते, पार्किंग यांवर पानंच्या पानं असतात आणि सुरक्षेवर एक ओळ: सर्व जबाबदारी ठेकेदाराची. ही ओळ तलावाचा मालक आणि ठेकेदार या दोघांना बांधते, प्रवाशाला नाही. बुडालेल्याच्या वारसांनी दावा लावला, तर नुसतं तिच्याकडे बोट दाखवून तलावाच्या मालकाला हात झटकता येत नाहीत.

लाइफ जॅकेटचंही तसंच. उन्हाने विटलेलं, बक्कल तुटलेलं, सुतळीने बांधलेलं जॅकेट पुष्कळदा नुसतं दाखवायला असतं. ते घालून, पट्टे आवळून, कुणाला तरी दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर निरुपयोगी, पाण्यात ते वर राहील आणि माणूस खाली जाईल. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट चालत नाही ते याचमुळे. आणि फोटोसाठी उभं राहू नका. 2009 मध्ये थेक्कडीला दुमजली बोट एका बाजूला कलंडली, 45 जीव गेले. नावेचा तोल नुसत्या वजनावर ठरत नाही, वजन किती उंचावर आणि कोणत्या बाजूला आहे यावर ठरतो.

कलम 284 चा गुन्हा दखलपात्र आहे, पोलिसांना वॉरंट लागत नाही. जादा भरलेली नाव सुटताना दिसली तर 112 लावायला हरकत नाही. नावाडी हसून म्हणेल, "बाबूजी, रोज इतने ही बैठते हैं." त्याला तो बचाव वाटतो. कोर्टात मात्र तो कबुलीजबाब ठरेल, तोही रोजच्या गुन्ह्याचा.